बिल्ला

पोरगा कॉलेज रोडचा असावा, बूट तरी तसे.
खोकं उघडलं: बाटल्यांच्या क्रेटसारखं,
आत लाकडाचा भुसा, भुशात घड्याळ.
म्हणाला, ताई, सैल होतंय, दोन कड्या काढून द्या.
सांभाळून हं, लिमिटेड आहे. चारशे बारावं.

मी भिंग डोळ्याला लावलं.
संत्र्याच्या रंगाची तबकडी.
बाराच्या जागी आकडा नाही, बाटलीचा बिल्ला.
सेकंदकाट्याच्या टोकाला बुडबुडा,
फिरतो, फुटत नाही.
खाली तिरकं ‘झुळूक’,
‘क’चं शेपूट तसंच, स्ट्रॉसारखं लांबवलेलं.
आकड्यांना पिवळट झाक, चाळीस उन्हाळे खाल्ल्यासारखी.
मागच्या झाकणावर ओरखडे, सगळे एकाच दिशेनं,
मशीननं मारलेले.

दहीपुलाजवळ या जिन्याखाली
येतात ती घड्याळं जुनी दिसायला लाजतात.
पॉलिश मारा म्हणतात. घरात लग्न आहे.

मागच्या स्टुलावर भाऊ.
मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर तारीख देत नाही.
‘झुळूक’ कानावर पडलं तसे उठले.

सातपूरच्या त्या प्लांटात भाऊ एकवीस वर्षं
पांढऱ्या दिव्यासमोर बसले.
बाटल्या समोरून सरकायच्या.
माशी, काडी, काचेचा कण, तळाला गाळ,
दिसलं की उचलायचं, बाजूला ठेवायचं.
वीस मिनिटांनी माणूस बदलायचा,
नाहीतर डोळा खोटं बोलायला लागतो.

आणि मनगटावर घड्याळ चालायचं नाही.
काच फुटून बाटलीत गेली तर?
गेटवर एक फळी, फळीला खिळे,
खिळ्याखाली बिल्ल्याचा नंबर. भाऊंचा त्र्याऐंशी.
सातला घड्याळ खिळ्याला,
साडेतीनला परत हातात.
दोनशे घड्याळं दिवसभर फळीवर लटकून
आपापली पाळी भरायची.
आत कुणी विचारलं, किती झाले रे,
तर उत्तर क्रेटमध्ये यायचं.

प्लांट बंद पडला तेव्हा
भाऊंना हिशेबात तो खिळा मिळाला.
म्हणजे त्यांनीच उपटून आणला.
बाकीचं कोर्टात आहे.
डोळा तेवढा तयार होता,
म्हणून या धंद्यात बसले, आणि मला बसवलं.

त्यांनी पोराच्या हातातलं नव्हे, माझ्या हातातलं घड्याळ घेतलं.
ट्यूबलाइटसमोर धरलं.
उलटं केलं. थांबले.
गाळ खाली बसायला वेळ दिला.

मग म्हणाले, काढ बाजूला. आत काहीतरी आहे.

पोरगा हसला. काका, डिझाईन आहे ते.
मलाही वाटलं, मोतीबिंदू बोलतोय.
पण सात आणि आठच्या मध्ये, काचेच्या आत,
एक तंतू होता. पापणीच्या केसाएवढा.
कुणाच्या तरी हातमोज्याचा असेल.
कुठल्या गावी, कुठल्या पाळीत,
किती मिनिटांनी उठू देतात तिला
आणि तिच्या मनगटावर घड्याळ चालतं का,
कुणास ठाऊक.

पोराला दाखवलं. त्याला दिसेना.
राहू द्या म्हणाला, उघडलं तर वॉरंटी जाते.

मी कड्या काढायला घेतल्या.
स्क्रू पडू नयेत म्हणून बिल्ला पुढं ओढला.
टेबलावर सात-आठ आहेत तसले, गंज धरलेले,
आत कॉर्कची चकती अजून शाबूत.
तो वाकला. वास घेतला चक्क.
हे ओरिजिनल?
एकाचे पाचशे देतो, ताई. सहाशे.

मी भाऊंकडं पाहिलं. सहाशेत बरंच काही येतं.
भाऊ म्हणाले,
मग स्क्रू कुठं ठेवायचे?

चाळीस रुपये देऊन गेला.
जाताना घड्याळ कानाला लावून पाहिलं त्यानं.
सेल असलेल्या घड्याळाला आवाज कितीसा असणार,
त्यात खाली भांडीबाजाराचा ठोकाठोक.

दोन कड्या इथंच विसरला.
त्या बिल्ल्यात टाकून ठेवल्यात.
अजून पोरसवदा हात आहे,
मनगट भरलं की येईल न्यायला.